घरच्या आवारात जुनी विलीज जीप पुन्हा चालती करताना

आमची जीप सतरा वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. मागचे दोन्ही बाक वडिलांनी फार पूर्वीच काढून टाकले होते, त्यामुळे नावाला जीप असली तरी आयुष्यभर तिनं पिकअपचंच काम केलं. उसाचं बेणं, खताची पोती, दुधाचे कॅन आणि वेळ पडली तेव्हा बाळंतीणसुद्धा तिच्यातूनच तालुक्याला गेली. ती पुन्हा रस्त्यावर आणायला मला अडीच वर्षं लागली. त्यातले निदान आठ महिने केवळ कामाचा क्रम चुकल्यामुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी सीजे-3बी, पेट्रोल. महिंद्रांनी 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात केली. 3बी हे मॉडेल अमेरिकेत 1953 साली आलं. आधीच्या जीपेपेक्षा त्याचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच, आणि लांबून 3बी ओळखायची खूण तीच. अमेरिकेत ती 1968 मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र पुढेही बनत राहिली. त्यामुळे महाराष्ट्रात आजही वाडीवस्तीवर, मळ्यात, बंद पडलेल्या राइस मिलच्या मागे ती सापडते. तुमच्याकडे दुसरा कुठला जुना पिकअप असला तरी कामाचा क्रम हाच राहील, फक्त मापं त्या गाडीची घ्या.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक काढा आणि चासी नंबर, इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून ताडून बघा. कित्येक जुन्या जीपांमध्ये पेट्रोल इंजिन काढून कधीतरी डिझेल बसवलेलं असतं आणि त्याची नोंद कुठेच नसते. गाडी विकत घेत असाल तर हा प्रश्न पैसे देण्याआधीच सोडवा. नंबराच्या जागेवर ग्रीस लावून कागद चिकटवा, म्हणजे गंज घासताना ग्राइंडर तिथे फिरणार नाही. घासला गेलेला नंबर आरटीओला पटवून देणं फार जड जातं.

पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं 2021 साली विंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, फेरनोंदणीची 5,000, आणि मुदत 10 वर्षं. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. शिवाय अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. म्हणजे शेतावर रोज राबवायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही, तिथे नेहमीचं नूतनीकरणच हवं. हे सुरुवातीलाच ठरवा. मूळ रूप राखायचं की सोयीचे बदल करायचे, हे त्यावरच ठरतं.

जागा, हत्यारं आणि एक धोका

पक्की फरशी, डोक्यावर पत्रा आणि चारही बाजूंनी तीन-तीन फूट मोकळी जागा एवढं पुरतं. काम दिवाळीनंतर सुरू करा. उघडा केलेला पत्रा पावसाळ्याच्या हवेत एका रात्रीत लाल होतो, म्हणून चासी आणि बॉडीची घासाघीस मृगाच्या आत आटोपायला हवी. इंजिनाचं काम पावसाळ्यात केलं तरी चालतं.

या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचे पाने चालवलेत की कडा गोल होणार. इंची पान्यांचा एक संच, टॉर्क पाना, फिलर गेज, मल्टिमीटर, चेनब्लॉक आणि उचललेली गाडी टेकवायला चार चांगल्या घोड्या घ्या. विटा किंवा दगडांवर गाडी ठेवून तिच्याखाली कोणीही शिरू नये.

धोका सांगायचा तो हँडब्रेकचा. या जीपेचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) मागच्या बाजूला एक ड्रम असतो आणि तो मागचा शाफ्ट धरून ठेवतो. त्यामुळे मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. मागचा शाफ्ट काढलात तर हँडब्रेक काहीच धरत नाही. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

आणि चाकं काढताना बोल्टचं डोकं वाचा. जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात आणि बोल्टवर ‘एल’ कोरलेलं असतं. ते न बघता माणसं पाइप लावून जोर करतात आणि बोल्ट तुटतो.

एकदम मोकळी करू नका

माझी मोठी चूक हीच. उत्साहाच्या भरात दोन रविवारांत मी सगळी गाडी खोलली. पडवीभर सुटे भाग, डबेच डबे, आणि तीन महिन्यांनी कुठलं ब्रॅकेट कुठलं ते आठवेना. घरगुती कामं अर्धवट राहतात ती बहुतेक याच टप्प्यावर. पैसे संपतात, उमेद संपते आणि ढकलून बाहेर काढता येईल अशी गाडीही उरत नाही.

म्हणून एका वेळी एकच विभाग खोला, तो पूर्ण करा, मगच पुढचा घ्या. गाडी शक्य तितके दिवस चार चाकांवर उभी राहिली पाहिजे. काढण्याआधी प्रत्येक जोडाचे मोबाइलवर तीन फोटो काढा: लांबून, जवळून, आणि शेजारी हात ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. बोल्ट झिपच्या पिशव्यांत ठेवा आणि आत चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून टाका. बॉलपेनची शाई तेलात पुसली जाते. जुना भाग कितीही कुजलेला असो, त्याच्या जागी नवा बसून चालेपर्यंत टाकू नका. नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

अडलेल्या बोल्टशी भांडू नका. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल समसमान मिसळून थेंब-थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या. मग आधी किंचित आवळा आणि नंतर सोडा. तरी नाही हलला तर गॅसनं नट तापवा. मात्र अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं. ते आणि आग एकाच दिवशी जवळ आणू नका.

चासी

गाडी धुऊन चिखल आणि जुनं ग्रीस खरवडून काढा. जीपेच्या चासीला तडे ठरलेल्या जागी जातात: पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे रिव्हेट केलेत तिथे, स्टिअरिंग बॉक्सच्या पायाजवळ, आणि मागच्या क्रॉस मेंबरला. ओझं वाहिलेल्या गाडीत मागची जागा हमखास बघा. तडा डोळ्यांना दिसत नाही. जागा घासून स्वच्छ करा, पातळ तेल लावा, पुसा, मग खडूची पूड शिंपडा. तडा असेल तर दहा-पंधरा मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटते.

मग कर्ण मोजा. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट, ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. बोटाएवढा फरक पडला तर चासी वाकलेली आहे, आणि ते काम मोठ्या गाड्यांच्या चासी सरळ करणाऱ्याकडेच द्या. वेल्डिंगसुद्धा इथे शिकाऊ हाताचं नको. बॉडीच्या पत्र्यावर शिकता येईल, चासीवर नाही.

पाटे, शॅकल, बुश, यू-बोल्ट हे सगळं याच वेळी उरका. यू-बोल्ट जुने वापरू नका. पुढच्या एक्सलला किंगपिनची (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) बेअरिंगं खाल्लेली असतील तर चाळीसच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. चाक उचलून वरून-खालून हलवून बघा. खडखड वाटली तर शिमा (पातळ चकत्या) कमी करून किंवा बेअरिंग बदलून ढिलाई काढा. शेवटी पुढच्या चाकांचा टो-इन (चाकं पुढच्या बाजूनं आत वळलेली असण्याचं माप) एक ते अडीच मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा.

लहान सुटे भाग घासण्यात दिवस घालवण्यापेक्षा प्लास्टिकच्या टबात धुण्याचा सोडा घाला, पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह भागाला आणि पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या पट्टीला लावा, दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. रात्रभरात गंज सुटतो. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावर करा कारण त्यातून हायड्रोजन निघतो. स्प्रिंगा आणि पाटे या पाण्यात घालू नका, पोलाद ठिसूळ होतं.

ब्रेक

इंजिन चालू होण्याआधी ब्रेक पूर्ण झाले पाहिजेत, यात तडजोड नाही. या गाडीला एकच सर्किट आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे मास्टर सिलिंडर (ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला), चारही व्हील सिलिंडर, सगळ्या लोखंडी नळ्या आणि रबरी होज एकदमच बदला. निम्मं जुनं, निम्मं नवं असं करू नका.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रम लेथवर नेऊन आतून गोल आहे का ते तपासून घ्या. जोडणी झाल्यावर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून एअर काढत जवळच्या चाकाकडे या. मग पेडल जोरात दाबून एक मिनिट तसंच धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, जरी थेंब दिसत नसला तरी.

इंजिन

2199 सीसीचं हे इंजिन ‘एफ-हेड’ म्हणून ओळखतात. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. साधं, जाड लोखंडाचं, सहनशील इंजिन आहे. सतरा वर्षं उभं राहिलेलं जाम असलं तरी त्याला दुसऱ्या गाडीनं ओढून सुरू करायला जाऊ नका, रिंगा तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात अर्धी वाटी एटीएफ सोडा आणि आठवडाभर थांबा. मग पुढून हँडल लावून मागे-पुढे किंचित हलवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो.

इंजिन फिरू लागलं की काँप्रेशन मोजा. चारही सिलिंडर 100 पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या दहा-पंधराच्या आत असतील तर हेड काढण्याची घाई करू नका. एखादाच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

हेड काढायचंच ठरलं तर माझी गोष्ट लक्षात ठेवा. मी दिसतील तेवढे सगळे बोल्ट काढले. हेड हलेना. लाकडी हातोडा झाला, पाचर झाली, शेवटी मी पहार घातली. वडिलांच्या वेळचा म्हातारा मेस्त्री कट्ट्यावर बसून बघत होता. तो उठून आला आणि म्हणाला, “पोरा, पहार ठेव आधी खाली. कार्बोरेटर बसतो त्या भोकात बघ.” बॅटरीच्या उजेडात डोकावलं तर आत, काजळीनं काळं झालेलं एक बोल्टचं डोकं. या हेडमध्ये इनटेकचा मार्ग ओतीव असतो, कार्बोरेटर थेट हेडवर बसतो, आणि एक हेड बोल्ट त्या मार्गाच्या आत लपलेला आहे. तोपर्यंत माझ्या पहारीनं हेडच्या कडेला खोल ओरखडा पाडला होता. तो काढायला हेड लेथवर फेस करून आणावं लागलं.

हेड निघालं की सिलिंडरच्या वरच्या काठावर नख फिरवा. रिंग जिथपर्यंत येते तिथे नख पायरीला अडकल्यासारखं थांबलं तर बोअर झिजलाय. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजून घ्या. पाच थाऊ, म्हणजे सुमारे 0.13 मिलिमीटर, यापेक्षा जास्त फरक असेल तर बोअर करावं लागेल. लेथवाल्याकडे ब्लॉक देण्याआधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घ्या आणि तेही त्याला द्या. पिस्टन मोजून बोअर मारायचा असतो. आधी बोअर मारून घेतला आणि त्या मापाचे पिस्टनच मिळाले नाहीत, तर ब्लॉक पुढच्या साइझला न्यावा लागतो आणि त्याचं तेवढं आयुष्य कमी होतं.

ब्लॉक परत आला की ऑइलच्या मार्गांचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा, रॉकेलनं आणि मग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा. पाण्याच्या जॅकेटमधला गाळ वेल्श प्लग काढून खरवडा. शेवटच्या सिलिंडरमागे तो वीतभर साठलेला असतो, आणि गाडी घाटात तापते ती बहुधा त्याच्यामुळे. रेडिएटरला मात्र लोक उगाच दोष देत राहतात.

जोडताना हेड बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, 60 ते 70 फूट-पाउंडापर्यंत आवळा. लपलेला बोल्ट विसरू नका. थंड इंजिनावर इनटेक टॅपेट 18 थाऊ, एक्झॉस्ट 16 थाऊ. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड असतात, हात जेमतेम जातो, तरी टाळू नका, तिथेच व्हॉल्व्ह जळतात. पॉइंटची फट 20 थाऊ, प्लगची 30 थाऊ, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) आधी 5 अंश, आणि फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फनं इंजिन फिरवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच प्लग बसवा.

गिअरबॉक्समध्ये जीएल-4 प्रतीचं 90 नंबरचं तेल घाला. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं समजून जीएल-5 घालतात, पण त्यातली रसायनं गिअरच्या पितळी रिंगा खाऊ शकतात.

पेट्रोल आणि वायरिंग

टाकी सीटखाली असते आणि आतून गंजलेली निघते. तिला घरी वेल्डिंग करायचं नाही, कितीही वर्षं रिकामी असली तरी. आतल्या वाफेनं टाकी फुटते. रेडिएटर-टाकी दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यात मऊ पडून गळू लागतात. गरम मॅनिफोल्डजवळ अशी गळती म्हणजे आगच. इथेनॉल सोसणारी नळी आणि नवा पडदा सुरुवातीलाच घाला.

वायरिंगला जुन्या तुकड्यांवर टेप गुंडाळत बसू नका, पूर्ण नवं करा. गाडी 6 व्होल्टची आहे की 12 ची ते आधी कॉइल आणि बल्बवर वाचा. सहा व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरी जाड हव्यात. हल्लीची बारीक वायर टाकली की सेल्फ मरगळून फिरतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. अर्थिंगच्या जागा उघड्या लोखंडापर्यंत घासा. फ्यूजची पेटी मूळ गाडीला असो वा नसो, लावा.

पत्रा आणि रंग

हे शेवटी. गाडी चालली, थांबली, वळली, तापली नाही, त्यानंतर. आधी रंगवलेल्या गाडीवर इंजिन चढवताना चेनब्लॉकची साखळी लागते, ब्रेक ऑइल सांडून रंग उतरतो, आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

गंजलेला पत्रा दाभणानं टोचून बघा. टोक आत गेलं तर तेवढा भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा लावा. पूर्ण नवी बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी बनवून मिळते, आणि जुनी अगदीच चाळण झाली असेल तर तोच मार्ग आहे. पण निम्मा पत्रा शाबूत असेल तर दुरुस्तच करा. आमच्या जीपेच्या मागच्या फळीवर दुधाच्या कॅननी पाडलेले खड्डे आहेत. ते मी मुद्दाम लांबी (पुट्टी) भरून झाकले नाहीत.

लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लावायची वेळ आली तर ठोकाठोक कमी पडली आहे, पुन्हा हातोडी घ्या. उघड्या लोखंडावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, पुन्हा प्रायमर, मग रंग. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात ठेवू नका, त्यातून ओल आत जाते. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारायचा मोह टाळा. त्याची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करते आणि साध्या मास्कनं ती थांबत नाही. तो बूथमध्ये मारून घ्या. घरी करायचंच असेल तर चांगलं सिंथेटिक इनॅमल पातळ थरांत, दोन थरांमध्ये पुरेसा वेळ देऊन लावा. जीपेसारख्या सपाट पत्र्याच्या गाडीला ते शोभतं.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिली फेरी आवारातच, ब्रेक बघायला. मग गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर, आणि परत आल्यावर चारही ड्रमना हात जवळ नेऊन बघा. एखादा चटका देण्याइतका तापला असेल तर तो ब्रेक चिकटतो आहे. पन्नास किलोमीटरवर चाकांचे नट, यू-बोल्ट आणि स्टिअरिंगचे जोड पुन्हा आवळा. इंजिन गार झाल्यावर हेड बोल्ट पुन्हा तपासा, म्हणजे कार्बोरेटर काढून तो आतला बोल्टसुद्धा. पाचशेला ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात धरा. बारीक करडी चमक दिसली तर ती नव्या रिंगांची, चालेल. पिवळसर किंवा चंदेरी पापुद्रे दिसले तर बेअरिंग जातंय, गाडी तिथेच थांबवा आणि ऑइल पॅन उतरवा.